पन्नास नंबरची दाढ

मित्रांनो, मला उचलायचं तर दोन्ही हात लागतात, हे आधीच सांगून ठेवते. एका हाताने उचलायला जाल तर मी तुमच्या पायावर पडेन आणि वर तुम्ही मलाच बोल लावाल. मी एक जुनी पकड आहे. घरात खिळे उपटायला असते तसली किरकोळ पकड नव्हे. माझे दोन दांडे तुमच्या हाताएवढे लांब आहेत. त्यांच्यावर लाल रबर आहे, म्हणजे होतं, आता बरंचसं उडालंय. तोंड मात्र आखूड आणि जाड. त्या तोंडात पोलादी दाढांच्या जोड्या बसतात. सोळा नंबर, पंचवीस, पस्तीस, पन्नास. जशी केबल तशी दाढ.

माझं काम ऐका. बॅटरीची अंगठ्याएवढी जाड केबल असते ना, तिचं टोक नुसतं बोल्टाला गुंडाळून भागत नाही. त्याच्यावर तांब्याची एक टोपी चढवावी लागते. तिला लग म्हणतात. तिच्या एका बाजूला नळी, दुसऱ्या बाजूला भोक पाडलेली चपटी जीभ. नळीत केबलच्या तारा घालायच्या, नळी माझ्या तोंडात द्यायची आणि माझे दोन्ही दांडे एकमेकांना भेटवायचे. मग मी 'कट्ट' करते. तो आवाज होईपर्यंत मी तोंड उघडत नाही, कुणी कितीही विनवण्या केल्या तरी. अर्धवट काम मला खपत नाही. हट्टी म्हणा हवं तर.

माझा जन्म स्वीडनमधल्या एका कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. तेलाचा वास आणि माझ्यासारख्याच शंभर-दीडशे बहिणी, एवढंच. पुढे नॉर्वेच्या एका गोदीत आले आणि वीस वर्षं जहाजांच्या पोटात लग दाबले. गोदी बंद पडली तेव्हा सगळं सामान अंगणात मांडून विकायला काढलं. लोक येत, मला एका हाताने हलवून बघत आणि जड आहे म्हणून खाली ठेवत. मग एलिंग आला. त्याने मला दोन्ही हातांनी उचललं, दाढांवरून बोट फिरवलं आणि काखेत घेतलं. तिथेच मला तो आवडला.

एलिंग फेरीबोटींवर विजेची कामं करायचा. त्याचं घर एका छोट्या बेटाच्या उत्तर टोकाला होतं. तिथे घरं पाच, पण तीन फक्त उन्हाळ्यात उघडायची. बारा महिने धूर निघायचा तो दोनच धुराड्यांतून. एक एलिंग आणि त्याची बायको बोर्गहिल्ड यांच्या, आणि एक जरा खालच्या अंगाला, धक्क्याजवळ, हालवरच्या. हालवर एकटा होता. तरुणपणी एकीला लग्नाचं विचारायला गेलो होतो, पण तिच्या घरी पाहुणे होते म्हणून परत आलो, असं तो सांगायचा. दुसऱ्या दिवशी का नाही गेलास, असं त्याला कुणी विचारलं नाही. तशी पद्धतच नाही तिथे.

बोर्गहिल्डला माझं काम एलिंगने शिकवलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून.

"आधी लग केबलच्या शेजारी धर," तो म्हणाला. "नळी केवढी आहे ते बघ आणि तेवढंच सोल. जास्त नको, कमी नको."

"सोलायला तू शिकवणार मला? पन्नास वर्षं बटाटे सोलतेय मी."

"बटाट्याच्या आतल्या तारा तुटत नाहीत, बोर्गहिल्ड."

तिने सोललं. एकही तार तुटली नाही. मग तिने माझ्यावर जोर टाकला, मी कट्ट केलं, आणि तिचा चेहरा असा काही फुलला की मलाच कौतुक वाटलं. पण एलिंगने तो दाबलेला लग घेतला आणि करवतीने मधोमध कापला. बोर्गहिल्ड रागावलीच. तिचं पहिलंवहिलं काम ते!

"चारशे तारा होत्या आत," एलिंग म्हणाला. "आता मोज बघू."

तिने चष्मा लावला, तुकडा खिडकीपाशी नेला. तारा नव्हत्याच. सहा कोनांचा, भरीव तांब्याचा एकच तुकडा होता.

"गेल्या कुठे?"

"कुठेच नाही. एक झाल्या," एलिंग म्हणाला, आणि लाजून कॉफी आणायला उठला. त्या बेटावर कुणी बायकोशी याहून गोड बोलल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

त्या तुकड्याचा एक अर्धा भाग खिडकीच्या कठड्यावर राहिला, दुसरा एलिंगच्या कोटाच्या खिशात. एलिंग वारला तेव्हा शवपेटीत ठेवण्याआधी बोर्गहिल्डने त्याला तोच कोट घातला आणि खिशात हात घालून बघितलं. तुकडा होता. तिने तो तिथेच राहू दिला. त्यानंतर बोटीची आणि बॅटऱ्यांची सगळी कामं ती एकटीने करू लागली, माझ्या सोबतीने. तिची बोट तेर्ना, गोठ्यातले दिवे, मासेवाल्यांचं वजन उचलायचं यंत्र, सगळ्यांवर माझा ठसा आहे. मी दाबलेल्या प्रत्येक लगवर सहा कोन उमटतात आणि त्यात दाढेचा नंबर. लक्षात ठेवा हे, पुढे कामाला येणार आहे.

आता त्या बेटाच्या दोन रीती सांगते. पहिली, मागून नेलेली वस्तू रिकामी परत करायची नाही. पातेलं नेलं तर त्यात चार वाफल घालून आणायचे, शिडी नेली तर तिला बटाट्यांची पिशवी अडकवून. मी स्वतः एकदा हेरिंग माशांची बरणी आणि एकदा लोकरीचे हातमोजे घेऊन घरी आलेय. दुसरी रीत अशी की दिलेली वस्तू परत मागायची नाही. मागणं म्हणजे समोरच्याला तू विसरलास असं तोंडावर सांगणं. दोन्ही रीती चांगल्या आहेत, माझं काही म्हणणं नाही. पण त्या दोन्ही एकत्र आल्या की काय होऊन बसतं ते बघा.

एलिंगला जाऊन चार वर्षं झाली होती. एप्रिलमध्ये हालवरने मला त्याच्या बोटीसाठी नेलं. त्याचं ते काम मी झकास करून दिलं. दुसऱ्याच दिवशी मी घरी यायला हवं होतं. पण शनिवारी सगळं बेट मिळून मेंढ्यांच्या कुरणाचं कुंपण दुरुस्त करणार होतं, आणि हालवरने मला बरोबर घेतलं. कुंपणाच्या दक्षिण कोपऱ्यात पोलादी दोरी तुटली होती. हालवरने दोन्ही टोकं एका नळीत घातली, इकडेतिकडे बघितलं आणि मला म्हणाला, "एकदाच."

पोलाद! अहो, मी तांब्यासाठी घडवलेली. पोलादी दोरी माझ्या तोंडात देणं म्हणजे तुम्ही दगड चावून खाण्यासारखं. मी अर्ध्यावर अडकले. पुढे जाता येईना, आणि अर्ध्यावर तोंड उघडणं माझ्या स्वभावात नाही. शेवटी हालवरने हातोडीने ठोकून मला सोडवलं. पन्नास नंबरच्या दाढेला एवढी खोल खाच पडली की तिच्यात नख जाईल.

हालवरने खाचेवरून अंगठा फिरवला. मग त्याने मला घरी नेलं, आपल्या जुन्या लोकरी पायजम्याच्या एका पायात गुंडाळलं आणि खणात ठेवलं. संध्याकाळी बोर्गहिल्ड रस्त्यावरून जाताना दिसली.

"हवा बरी आहे," ती म्हणाली.

"बरी आहे," हालवर म्हणाला.

झालं. एवढ्यावर साडेतीन वर्षं गेली.

खोटं कशाला बोलू, पहिलं वर्षभर मी त्याच्यावर इतकी चिडले होते की त्याने मला हातात घेतलं तरी माझे दांडे कुरकुरायचे. माणसाने चूक करावी, पण निदान ब्र तरी काढावा की नाही? तो मात्र मूग गिळून बसलेला. आधी त्याने कारखान्याला पत्र लिहिलं. कारखाना केव्हाच बंद झाला होता. मग त्याने ठरवलं की दाढ आपणच घडवायची आणि पकड धड करूनच परत न्यायची. पोलादाचा ठोकळा आणला, कानस आणली आणि खिडकीपाशी बसून घासायला लागला. पहिली जोडी वाकडी झाली. दुसरी तडकली. तिसरी चांगली होती, पण माझ्या तोंडात बसेना.

आणि या सगळ्यात त्याने बोर्गहिल्डकडे जाणं सोडलं. आधी दर गुरुवारी अकरा वाजता तो तिच्याकडे कॉफीला जायचा, एलिंग होता तेव्हापासून. आता गेला असता तर माझा विषय निघाला असता. म्हणून आधी खुब्याचं ऑपरेशन झालंय म्हणाला, मग सर्दी आहे म्हणाला, मग काहीच म्हणेनासा झाला. दर गुरुवारी अकरा वाजता तो एकटाच खिडकीत कॉफी घेऊन बसायचा आणि वरच्या घराकडे बघायचा. खुब्यामुळे त्याने बोटही विकून टाकली. तिसऱ्या हिवाळ्यात, जिभेचं टोक दातांत धरून पाचवी जोडी घासत असलेला तो म्हातारा पाहिला आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. मला त्याची कीव यायला लागली.

तिकडे बोर्गहिल्डचं काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. खाऱ्या हवेने तेर्नाच्या केबलचं टोक खाल्लं होतं. नवा लग बसवायचा होता आणि मी हालवरच्या पायजम्यात. ती मला मागणार थोडीच! तिने छिन्नी आणि हातोडी घेतली आणि दगडावर ठेवून लग ठोकून ठोकून बसवला. बाहेरून दिसायला ठीक. पण आत पोकळ.

ऑगस्टमध्ये तिची मुलगी इंगुन बेर्गेन शहरातून आली. तेर्नातून दोघी फिरायला निघाल्या आणि ऐन खडकांपाशी इंजिन बंद पडलं, ते पुन्हा सुरूच होईना. एका मासेवाल्याने ओढून आणलं म्हणून बरं. घरी आल्यावर इंगुनने अंगातलं लाइफजॅकेटसुद्धा काढलं नाही.

"आई, तू इथे एकटी आहेस. हे जर तू एकटी असताना झालं असतं तर?"

"तर मी वल्ही मारली असती."

"चौऱ्याहत्तर वर्षांची आहेस तू. ऐक माझं. अजून एकदा, एकदा जरी ही बोट चालू व्हायला नाही म्हणाली, तर बोट विकायची, मेंढ्या देऊन टाकायच्या आणि माझ्याकडे राहायला यायचं. खोली तयार आहे."

"खोलीच्या खिडकीतून काय दिसतं?"

"ट्राम."

ट्राम बोर्गहिल्डला नको होती. पण मुलगी किती घाबरली होती ते तिने पाहिलं होतं. तिने शब्द दिला. आणि बोर्गहिल्डने दिलेला शब्द म्हणजे माझ्या कट्टसारखा असतो, मागे फिरत नाही. तो जोड मात्र तिने पुन्हा छिन्नीनेच ठोकून घेतला.

ऑक्टोबरच्या शेवटी एका मंगळवारी रेडिओवर सांगितलं की दुपारी वादळ येणार, आणि नेमकं उधाणाच्या भरतीला. बोर्गहिल्डच्या चौदा मेंढ्या अजून गोसहोल्मवर चरत होत्या. गोसहोल्म हे समोरचं पिटुकलं बेट म्हणजे समुद्रात पालथी घातलेली परात. एरवी गवत गुडघाभर, पण उधाण आणि वारा एकदम आले की लाटा वरून जातात. काही वर्षांपूर्वी असंच झालं तेव्हा पाच मेंढ्या वाहून गेल्या होत्या. बेटाच्या या टोकाला आता बोट एकच उरली होती, तेर्ना.

सकाळी आठला बोर्गहिल्ड धक्क्यावर आली. हालवरच्या खिडकीतून धक्का दिसतो. मी टेबलावर होते, त्याची पाचवी जोडी तोंडात घालून. आम्ही दोघांनी ऐकलं. टक्. मग शांतता. टक्. पुन्हा शांतता. किल्ली फिरवली की इंजिनाने उठायला हवं, पण जोड पोकळ असला की वीज पोचत नाही, नुसतं टक् होतं. थोड्या वेळाने बोर्गहिल्ड केबल सोडवून, गळ्यात घालून वर येताना दिसली. हालवरच्या घरासमोरून जाताना तिने मान वळवली नाही. तिचं ते न बघणं हालवरला फार लागलं.

तो उठला. "आता नाही गेलो तर पुन्हा तोंड नाही दाखवता येणार," मला म्हणाला. मला काखेत मारलं, दाराशी गेला आणि थबकला. रिकाम्या हाताने कसं जायचं? साडेतीन वर्षं उशीर, आणि वर रिकाम्या हाताने! फडताळ उघडलं. पीठ नाही, अंडी नाहीत. मागच्या कोपऱ्यात टोमॅटोतल्या मॅकरेल माशाचा एक डबा होता. त्याने तो उचलला आणि निघाला.

बोर्गहिल्ड टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसली होती. हातात छिन्नी. हालवर दारात उभा राहिला, टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

"तुझी पकड," तो म्हणाला.

"हो."

"तीन वर्षं झाली."

"साडेतीन."

त्याने मला टेबलावर ठेवलं आणि माझ्या शेजारी डबा. "आणि हे."

बोर्गहिल्डने डब्याकडे बघितलं. "टोमॅटोतला?"

"टोमॅटोतला." मग त्याने एकदम सगळं ओकून टाकलं. "बोर्गहिल्ड, मी हिची दाढ मोडली. कुंपणाची पोलादी दोरी हिच्यात दाबली. मला अक्कल नव्हती असं नाही, मला माहीत होतं, तरी केलं."

"मलाही माहीत होतं."

"काय?"

"दक्षिणेच्या कोपऱ्यातल्या नळीवर अर्धा सहाकोनी ठसा आहे आणि त्यात पन्नासातला नुसता पाच. असा ठसा उमटवणारी या बेटावर दुसरी आहे कोण? त्याच मे महिन्यात मेंढ्या सोडायला गेले तेव्हा दिसला मला."

मित्रांनो, माझाच ठसा! मी इकडे साडेतीन वर्षं पायजम्यात गुदमरतेय आणि तिकडे कुंपणावर बसून मीच सगळं सांगून मोकळी झाले होते.

"मग बोलली का नाहीस?" हालवरचा आवाज अगदी बारीक झाला.

"तुला वाईट वाटलं असतं."

"मला रोजच वाईट वाटत होतं."

बोर्गहिल्डने छिन्नी खाली ठेवली. "दर गुरुवारी दोन कप काढते मी," ती म्हणाली. "एक तसाच परत आत ठेवते. किती वेळा झालं असेल सांग."

त्या दोघांनाही एकेक सणसणीत लगावून द्यावी असं मला वाटलं, आणि त्याच वेळी दोघांना जवळही घ्यावंसं वाटलं. पण बोर्गहिल्ड आधीच उठली होती. "रडायचं असेल तर मेंढ्या आणल्यावर रड. ती नवी दाढ दाखव."

एलिंगच्या तंबाखूच्या डबीत पन्नास नंबरचे लग निघाले. तीनच. बोर्गहिल्डने शेडमधून जुन्या केबलचा तुकडा आणला. आधी त्याच्यावर करून बघायचं. तिने नळीएवढंच सोललं, तारा नीट केल्या, लग चढवला. हालवरने दांडे दाबले. कट्ट.

पण मला कळलं होतं. फार सहज झालं ते. बोर्गहिल्डने करवत घेतली आणि लग मधोमध कापला. खिडकीच्या कठड्यावरचा एलिंगचा तुकडा आणून शेजारी ठेवला. एलिंगचा भरीव. हालवरचा आतून चाळणीसारखा, प्रत्येक तार वेगळी दिसत होती. त्याची दाढ केसभर सैल होती. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझा कट्ट खोटा निघाला. मला इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही.

"सहावी जोडी करायला मला दोन महिने लागतील," हालवर म्हणाला.

"भरतीला पाच तास आहेत." बोर्गहिल्डने मॅकरेलचा डबा उघडला आणि दोन बशांत मासे काढले. "खा. उपाशी पोटी समुद्रावर जायचं नाही."

"कसलं जायचं? बोट तर..."

"खा म्हटलं ना."

तो मान खाली घालून खायला लागला. बोर्गहिल्ड डब्याचं झाकण हातात धरून उलटसुलट करत राहिली. "एलिंग खिडकी खडखडायला लागली की काय करायचा?" तिने विचारलं.

"कागदाची घडी घालून फटीत सरकवायचा."

"मग ही दाढ मागून का नाही उचलायची?"

हालवरचा घास हातातच राहिला. मग त्याने कात्री मागितली. झाकणावरचा टोमॅटो पुसून, पत्र्याची दाढेएवढी पट्टी कापली आणि ती माझ्या तोंडात दाढेच्या मागे सरकवली. पुढे महिनाभर मला माशाचा वास येत होता, पण त्या वेळी मी तक्रार केली नाही.

दुसरा लग. या वेळी दांडे हलेनात. एकट्या हालवरला जमेना, म्हणून एका दांड्यावर तो आणि दुसऱ्यावर बोर्गहिल्ड, दोघं पाय रोवून उभे राहिले. मी सगळा जीव एकवटला. कट्ट! बोर्गहिल्डने कापला आणि एक अर्धा हालवरच्या हातात दिला.

"मोज बघू."

हालवर तो खिडकीपाशी घेऊन गेला. बाहेर पाणी आता काळपट दिसायला लागलं होतं. त्याने तुकडा डोळ्यांजवळ धरला, लांब धरला.

"यात मोजण्यासारखं काही नाही," तो म्हणाला.

"मग बरोबर आहे."

तिसरा लग खऱ्या केबलवर. तो झाल्यावर बोर्गहिल्डने केबलवर पाय दिला आणि दोन्ही हातांनी खेचली. लगमधून ती तसूभरही सरकली नाही. वर काळी रबरी नळी चढवून केस वाळवायच्या यंत्राने गरम केली, ती आवळून घट्ट बसली. मग केबल, मी आणि शिळ्या पावाची पिशवी एकाच बादलीत पडलो आणि आम्ही धक्क्यावर आलो. बोर्गहिल्डने किल्ली फिरवली. तेर्ना धडधडत जागी झाली. हालवरने दोरी सोडली, पण जीव अजून टांगलेलाच. अजून परत यायचं होतं.

गोसहोल्मला लागलो तेव्हा एका बाजूचं गवत पाण्याखाली गेलं होतं आणि मेंढ्या मधल्या उंचवट्यावर दाटीवाटीने उभ्या होत्या. इंजिनाच्या आवाजाने त्या बिथरतात, जवळ येत नाहीत. ते बंद करावंच लागतं. बोर्गहिल्डने किल्लीवर हात ठेवला आणि क्षणभर तशीच थांबली. मग तिने इंजिन बंद केलं.

"कोम, कोम," ती पाव हलवत ओरडली. तेरा मेंढ्या आल्या. चौदावी, एका शिंगाची म्हातारी, जागची हलेना. हालवर आपला दुखरा खुबा घेऊन गुडघाभर पाण्यातून गेला.

"चल गं बाई," तो तिला म्हणत होता. "मीही असाच साडेतीन वर्षं अडून बसलो होतो. काही फायदा नाही त्यात."

त्याने तिला शिंगाला धरून, ढकलत, शिव्या देत बोटीत आणलं. तोवर लाटा बोटीला काठच्या खडकांकडे ढकलायला लागल्या होत्या. बोर्गहिल्डने किल्ली धरली. हालवरने डोळे मिटले. मी बादलीत होते, मला काहीच करता येत नव्हतं. मी जे करायचं ते सकाळीच करून झालं होतं. एवढंच मनात आलं की हा जोड जर आता टक् म्हणाला, तर मेंढ्या गेल्याच, आणि ही बाई उरलेलं आयुष्य खिडकीत बसून ट्राम बघणार.

इंजिन पहिल्याच झटक्यात उठलं. माझा जीव भांड्यात पडला. बोर्गहिल्ड वळली आणि हालवरकडे बघून हसली. तसं हसताना मी तिला एलिंग होता तेव्हा शेवटचं पाहिलं होतं.

दुपारी मेंढ्या गोठ्यात होत्या, वारा छपरावर घोंघावत होता आणि इंगुनचा फोन आला.

"आई, मेंढ्या?"

"गोठ्यात."

"आणि बोट?" इंगुनने जपून विचारलं. "खरं सांग."

"सकाळी आठला चालू झाली नाही. खरं सांगते, कारण शब्द दिलाय. मग जोड नवा केला. त्यानंतर दोनदा चालू केली, दोनदा पहिल्या झटक्यात."

"जोड कुणी केला?"

"मी आणि हालवरने. तो इथेच आहे, कॉफी पितोय."

"हालवर? तो परत यायला लागला?"

"आजपासून."

इंगुनने मोठा श्वास सोडला. "आई, मला भीती बोटीची नव्हती गं. तू तिथे अगदी एकटी आहेस याची होती." मग म्हणाली, "त्याला सांग, मोबाइल नंबर दे म्हणावं." बोट विकण्याचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

खिडकीच्या कठड्यावर आता तांब्याचे दोन तुकडे आहेत, एलिंगचा आणि त्या मंगळवारचा. मंगळवारचा दुसरा अर्धा हालवरच्या खिशात असतो. मी दाराजवळच्या खुंटीवर असते, मॅकरेलच्या पत्र्याची पट्टी तोंडात घेऊन. ती आम्ही काढलेली नाही.

मित्रांनो, वस्तू मोडते. माझ्यासारखी पोलादीसुद्धा मोडते. कुणाची वस्तू आणलीत तर तिला तिच्याच कामाला लावा, पुसून ठेवा, वेळेवर परत करा. आणि तुमच्या हातून मोडलीच, तर तिला पायजम्यात गुंडाळून ठेवू नका. मोडलेली मला चालते हो, तिच्यावर इलाज निघतो, कधी कधी माशाच्या डब्यातूनसुद्धा. लपवलेली चालत नाही.

परवाच हालवर आला होता. उन्हाळ्यापुरत्या उघडणाऱ्या एका घराच्या बॅटरीला लग बसवायचा होता, म्हणून मला मागायला. बोर्गहिल्डने मला खुंटीवरून काढून त्याच्या दोन्ही हातांत दिलं.

"ने," ती म्हणाली. "पण गुरुवारी कॉफीला येताना घेऊन ये."

हालवर दारातून मागे वळला. "आणि मोडली तर?"

"तर बुधवारीच ये."